गोदीतल्या वाचकाची पुस्तकं

रत्नागिरीच्या बाजारातून आत वळणाऱ्या एका गल्लीत माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची टपरी, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली पिठाची गिरणी. दुकान म्हणजे चिऱ्याच्या भिंतींची एक लांबट खोली. पूर्वी तिथे दोरखंडांचा व्यापार चालायचा. अजूनही पावसाळ्यात भिंती ओलावल्या की काथ्याचा वास सुटतो आणि पुस्तकांच्या वासात मिसळतो.

मी मूळचा इथलाच, पण उमेदीची सगळी वर्षं मुंबईत एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. छापखाना बंद पडला तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. वडिलांच्या वेळचा हा गाळा रिकामाच होता. बायको मुंबईत शाळेत शिक्षिका, तिची नोकरी शिल्लक होती आणि मुलीचं कॉलेज चालू होतं. मी पुढे येऊन दुकानाचा जम बसवावा आणि तिने निवृत्त झाल्यावर यावं, असं आमचं ठरलं. ती निवृत्त झाली त्या वर्षी मुलीचं लग्न निघालं. मग नातू झाला, मुलगी नोकरीवर जायला लागली आणि नातवाला कोण बघणार हा प्रश्न आला. आता नातू शाळेत जातो. तिच्या येण्याबद्दल आम्ही बोलत नाही. भांडण असं कधी झालं नाही. गणपतीत ती येते, घर झाडून लख्ख करते, डबे धुऊन उन्हात ठेवते आणि विसर्जन झालं की परतीच्या गाडीत बसते. आमच्याकडे बाप्ये मुंबईला आणि बायका गावी अशी रीत. आमच्या घरात ती उलटी झाली, म्हणून सुरुवातीला आळीतले लोक चेष्टा करायचे. आता तेही कोणी करत नाही.

दुकान चालतं ते स्पर्धा परीक्षांच्या वापरलेल्या पुस्तकांवर. कॉलेजातली मुलं येतात, हवं ते घेतात, मोबाइलवरून पैसे टाकतात आणि जातात. मला ज्यांचं खरं अगत्य आहे ती पुस्तकं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या छपाईची, शिळाप्रेसवर दगडावरून छापलेली, बंद पडलेल्या मासिकांच्या जुन्या फायली, यांची गिऱ्हाइकं कधी दारात येत नाहीत. मी फोटो काढून पाठवतो, कोणी नाशिकहून, कोणी नागपूरहून मागवतं, मी कुरियर करतो. कित्येक वर्षं माझ्याकडून पुस्तकं घेणाऱ्या नागपूरच्या एका गृहस्थांचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. कधी कधी संध्याकाळी कुलूप लावताना घड्याळवाला काही विचारतो आणि उत्तर द्यायच्या आधी मला घसा खाकरावा लागतो. सकाळपासून आवाज वापरलेलाच नसतो.

पुस्तकं मिळवायला मात्र बाहेर पडावं लागतं. बहुतेक वेळा माणूस गेलेल्या घरातून बोलावणं येतं. मुलगा किंवा सून फोन करते, पुस्तकं आहेत, न्या म्हणते. मी जातो, पुस्तकं झटकतो, वाळवी आणि कसर किती लागलीय ते बघतो, पोती भरतो. घरच्यांना ती लवकर जायला हवी असतात आणि ती जाताना बघवतही नाहीत. अशा वेळी मी कमी बोलतो. या धंद्याने मला कमी बोलायला शिकवलं, की मुळात माझा स्वभावच तसा, हे आता सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मार्चच्या सुमाराला असाच एक फोन आला. फोन करणारा मुंबईला नोकरीला होता. त्याचे वडील दिवाळीनंतर गेले होते. घर संगमेश्वरच्या आतल्या बाजूला एका वाडीत, तिथे आई एकटी. वडिलांची तीन ट्रंका पुस्तकं आहेत, पावसाच्या आधी घेऊन जा, नाहीतर वाळवी सगळं घर खाईल, असं तो म्हणाला. वडील काय करायचे, मी विचारलं. गोदीत हमाल होते, तो म्हणाला. मग म्हणाला, "पण वाचायचे फार."

सोमवारी आमची गल्ली बंद असते. मी एसटीने हातखंब्यावरून संगमेश्वरला गेलो आणि तिथून रिक्षाने वाडीवर. उतारावरचं कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, मागे फणसाचं मोठं झाड. ओटीवर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्या शेजारी गेलेल्या माणसाचा फोटो, त्याला ताज्या अनंताच्या फुलांचा हार. फोटोतला माणूस रुंद खांद्यांचा, जाड काचांचा चष्मा लावलेला. फोन करणाऱ्याच्या आईने, काकींनी, मला पाणी दिलं. ऐंशीच्या आसपासच्या असतील. बारीक अंगाच्या, ताठ पाठीच्या. मी पुस्तकं न्यायला आलोय म्हटल्यावर त्यांनी मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. मी मास्तर नाही असं एकदा सांगितलं, पण त्यांच्या लेखी पुस्तकात तोंड घालणारा तो मास्तर.

ट्रंका माजघरात होत्या. झाकणं उघडली आणि मी चकित झालो. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, मधेमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला, कोपऱ्यांत डांबरगोळ्या. कसरीचं एक भोक नाही. आणि पुस्तकं तरी किती तऱ्हांची. हिमालयातली प्रवासवर्णनं, घरगुती औषधांचं पुस्तक, दूरच्या देशांतल्या क्रांत्यांचे इतिहास, मधमाश्या पाळण्याबद्दलचं एक, धम्माची पुस्तकं, फुटपाथवर मिळणाऱ्या रहस्यकथांची चवड, आणि सगळ्यात खाली शिळाप्रेसवर छापलेलं एक ज्योतिषाचं पुस्तक, ज्याच्यासाठी माझे नागपूरचे गृहस्थ धावत आले असते. गोदीतून सुटल्यावर हा माणूस मुंबईच्या फुटपाथवर उकिडवा बसून एकेक पुस्तक निवडत असणार. दर मे महिन्यात सुट्टीला येताना तो ती घेऊन यायचा. निवृत्त होऊन कायमचा आला तेव्हा उरलेली ट्रंक आली.

मी पुस्तकं काढून रचत होतो आणि काकी उंबऱ्यावर बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझी सवतच ती. तीन ट्रंका भरून."

त्या हसत होत्या, म्हणून मीही हसलो. मग त्यांनी सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. लग्न झालं तेव्हा त्या लहान होत्या. नवरा मुंबईला, त्या इथे. भातशेती, गुरं, सासू, मुलं, सगळं त्यांनी बघितलं. तो वर्षातून एकदा यायचा, तेवढ्यात कौलं परतायची, बांध घालायचे, लाकडं फोडायची. तुला वाचायला शिकवतो, असं दर वर्षी म्हणायचा. मग सुट्टी संपायची. निवृत्त होऊन आल्यावर तो सकाळी चहा पिऊन या ओटीवर पुस्तक घेऊन बसायचा. त्या शेतावर जायच्या, यायच्या, जेवण करायच्या, तो त्याच जागी. शिव्या देणारा नव्हता, पिणारा नव्हता. पण तोंडाने बोलायचा कमी. पुस्तक वाचताना मात्र कधी हसायचा, कधी त्याचे डोळे भरून यायचे.

"मी विचारायची, काय झालं वो? तर म्हनायचे, काय न्हाय, पुस्तकातलं हाय."

मी सुतळी बांधत होतो ती हातात तशीच राहिली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "न्या तुमी पुस्तकं. माझी ना न्हाय. पन एकदा मला कळू दे, ह्या मानसाने एवढी वर्सं काय वाचलंन ते."

सगळीच पुस्तकं कशी वाचून दाखवणार? मी म्हटलं, प्रत्येकात काय आहे ते थोडक्यात सांगतो. त्या म्हणाल्या, थोडक्यात नको. आज एक वाचा. मग मी हातातलं वरचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. मोठ्याने वाचण्याची मला सवय होती. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्याला मूळ कॉपी वाचून दाखवायचं काम मी सुरुवातीला केलं होतं. पण ते वाचणं वेगळं, स्वल्पविराम-पूर्णविराम सगळं बोलून दाखवायचं. त्या दुपारी पहिल्या परिच्छेदात माझ्या तोंडून दोनदा 'स्वल्पविराम' निघून गेलं. काकींनी ते पुस्तकातलंच समजून ऐकलं.

त्या दिवशी मी एकही पोतं नेलं नाही. पुढच्या सोमवारी येतो म्हणालो आणि गेलो. तिथून ते सुरूच झालं. सकाळची एसटी, काकींच्या हातची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, दुपारभर वाचन, संध्याकाळी परत. घड्याळवाल्याला वाटलं, तिकडे कुठे तरी माझं जमिनीचं काम निघालंय. मी त्याला ते वाटू दिलं.

पहिलं पुस्तक हिमालयात पायी फिरलेल्या एका गृहस्थाचं होतं. काकींनी नद्या आणि बर्फ निमूटपणे ऐकलं. मग मधेच विचारलं, "ह्यांच्या घरात कोन व्हतं?"

मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

"बायकोपोरं न्हाय?"

मी मागची पुढची पानं चाळली. एके ठिकाणी, घरच्यांचा निरोप घेऊन निघालो, एवढंच वाक्य होतं. मी ते वाचून दाखवलं. त्या "हां" म्हणाल्या आणि पुढे वाचा अशी मान हलवली.

हा प्रश्न मग प्रत्येक पुस्तकाला आला. क्रांती करणारे वर्षानुवर्षं तुरुंगात, त्यांच्या घरात कोण होतं? मधमाश्यांवर आयुष्य घालवणारा तो शास्त्रज्ञ, त्याला जेवायला कोण वाढायचं? त्या रागाने विचारत नसत. रानातल्या वाटेवर अनोळखी बाई भेटली तर आपण जसं विचारतो, तसं विचारत. मी दर वेळी पानं चाळायचो आणि बहुतेक वेळा काही सापडायचं नाही. छापखान्यात आणि दुकानात मिळून मी जन्मभर पुस्तकं हाताळली, पण असं शोधत कधी वाचलं नव्हतं. रत्नागिरीला परतल्यावर मी भाताचा कुकर लावायचो, वरणावर फोडणी घालायचो आणि मुंबईला फोन करायचो. बायको नातवाचा अभ्यास सांगायची, मी नगरपालिकेच्या पाण्याचं सांगायचो.

काही पुस्तकं काकींनी अर्ध्यावर बंद करायला लावली. औषधांचं पुस्तक त्यांना आवडलं. धम्माची पुस्तकं त्यांनी बाजूला काढून ठेवली, ती विहाराला द्यायची म्हणाल्या. एक झालं की ते पोत्यात जायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत ट्रंका रिकाम्या होत होत्या आणि त्या त्याबद्दल काही म्हणत नव्हत्या. फक्त कव्हरचे खाकी कागद मला नेऊ दिले नाहीत. पुस्तक गेलं तरी कागद राहायचा, तो त्या हाताने सरळ करून ठेवायच्या.

मे महिना लागला. उकाडा भयंकर होता, म्हणून आम्ही मागच्या पडवीत बसायला लागलो. रहस्यकथांची चवड उरली होती. ही पुस्तकं मी विकायलाही कचरतो. हलका कागद, पुसट छपाई, पानोपानी मुद्रणदोष. काकींना सांगितलं, यात काही अर्थ नाही, ही तशीच नेतो. त्या म्हणाल्या, त्यांनी ठेवलीत ना, मग वाचा.

त्यातलं एक मी उघडलं. समुद्रातल्या एका बेटावर दीपगृह, आणि तिथला दिवा सांभाळणारा माणूस एका वादळी रात्री नाहीसा होतो. दिवा मात्र रात्रभर जळत राहिलेला असतो. मुंबईहून गुप्तहेर येतो. संशय खलाशावर, मग डॉक्टरवर, मग दीपगृहाच्या मदतनिसावर. मी दोन-तीन पानं वाचली असतील, काकींनी हातातलं तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवलं.

"ही मला ठाव हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सिनेमात पाहिली असेल. त्यांनी मान हलवली आणि पुढचं बरंच सांगितलं. बेटावर सापडलेली तुटकी होडी, डॉक्टरच्या हातावरची जखम, खलाशाचं खोटं बोलणं. मी पानं उलटत होतो आणि त्या बोलत होत्या तसंच छापलेलं होतं.

मग कळलं ते असं. नवरा निवृत्त होऊन आला त्या पावसाळ्यात काकींना मोठा ताप आला होता. शेतात पाण्यात उभं राहून येतो तो ताप. देवरुखच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर कित्येक दिवस त्यांना उठवत नव्हतं. तेव्हा तो दुपारी अंथरुणाशी बसून त्यांना ही गोष्ट सांगायचा. रोज थोडी. अख्ख्या संसारात त्याने त्यांना सांगितलेली एवढी एकच गोष्ट. बऱ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, शेवटी काय झालं? तर तो म्हणाला, शेवट मलाही ठाऊक नाही.

"मला वाटलं, अजून सुचला नसंल," काकी म्हणाल्या. "मला वाटायचं, ती त्यांनी मनाने केली. माझ्यासाठी."

मी पुस्तकाची मागची बाजू बघितली. शेवटचा फर्मा, शेवटच्या पानांचा जुडगाच, नव्हता. टाके उसवून पानं कधीच गळून गेली असावीत. फुटपाथवरच्या पुस्तकांत हे नेहमीचं. मी त्यांना ती जागा दाखवली. त्यांनी कण्यावरचा लोंबणारा दोरा बोटाने चाचपला.

"म्हंजे पुस्तकातली व्हती," त्या म्हणाल्या.

त्यांचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी वाटलं, हे पुस्तक मी उघडायला नको होतं. विषय बदलावा म्हणून मी पुढे वाचू का विचारलं. त्या हो म्हणाल्या. मी वाचत राहिलो. सूप त्यांनी परत उचललं, पण तांदूळ निवडले नाहीत. गुप्तहेर किनाऱ्यावरच्या गावात चौकशी करून मचव्यात बसतो, तिथे त्यांनी मला थांबवलं.

"तिचं न्हाय वाचलंत."

"कोणाचं?"

"त्याच्या बायकोचं. ती किनाऱ्याला राहते. तिला भेटल्याबिगर तो कसा जाईल?"

मी मागचं पान पाहिलं. बायको नव्हती. त्याच्या मागचं प्रकरण पाहिलं. काकी सांगत होत्या. दिवेवाल्याची बायको किनाऱ्यावरच्या घरात एकटी असते. तो बेटावर, ती इकडे. रोज दिवस मावळला की ती ओटीवर येऊन बसते आणि बेटावरचा दिवा लागताना बघते. वर्षानुवर्षं बघून दिवा लावणारा हात तिला ओळखता येतो. त्या रात्री वादळात दिवा लागतो, पण चाचरत, थांबून थांबून. सगळा गाव म्हणतो, दिवा लागला, म्हणजे माणूस ठीक आहे. तिला एकटीला कळतं की दिवा आज दुसऱ्याच कोणी लावलाय. गुप्तहेराला पहिला धागा तीच देते.

मी पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. पान न् पान. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाची नजर असते, शब्द सुटत नाही. दिवेवाल्याचं वर्णन दुसऱ्याच प्रकरणात होतं. मी ते मोठ्याने वाचलं. संसाराच्या भानगडीत कधीही न पडलेला, पन्नाशीचा, एकलकोंडा गृहस्थ.

"बायको नाही काकी यात," मी म्हटलं. "कुठेच नाही. त्याचं लग्नच झालेलं नाही."

"नीट बघा."

"बघितलं."

मागे कोंबड्या पाचोळा उकरत होत्या. काकी म्हणाल्या, "मग ती कुठनं आली?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं, मग डोळे, मग परत तोंड. उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजे ती ह्यांनी घातली."

चहा पिऊन झाल्यावर मी त्यांना सांगितलं की माझ्या ओळखीचे जुने पुस्तकवाले मुंबईत आहेत, कोल्हापुरात आहेत. दुसरी प्रत शोधली तर शेवटची पानं मिळतील. मी आणून वाचून दाखवीन.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "त्यात ती असनार हाय काय?"

ते पुस्तक त्यांनी माझ्या हातून घेतलं, एक खाकी कागद काढला आणि त्याला परत कव्हर घातलं. घड्या अशा सराईत पडत होत्या की मला कळलं, ही सगळी कव्हरं त्यांनीच घातलेली होती. उरलेल्या रहस्यकथा न वाचताच न्या म्हणाल्या. त्यांना आता कशाची घाई नव्हती आणि कशाचं कुतूहलही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो आणि हातपाय धुवायच्या आधी बायकोला फोन लावला. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं माणूस नव्हतं. मी सगळं सांगितलं, ट्रंकांपासून दिव्यापर्यंत. तिने मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "छान आहे हो. तुम्हाला तिकडे किती माणसं भेटतात." तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता. मागे टीव्ही चालू होता, नातू काहीतरी मागत होता. तू कधी येतेस, एवढंच मला विचारायचं होतं. मी नातवाचा खोकला थांबला का ते विचारलं. थांबला, म्हणाली. मग तिने फोन ठेवला.

पावसाच्या आधी मुलगा आला. आईला आता एकटी ठेवणार नाही म्हणाला, घराला कुलूप लावून तिला मुंबईला घेऊन गेला. निघायच्या आदल्या सोमवारी मी टेम्पो घेऊन गेलो होतो. पोती चढवताना काकी ओटीवर उभ्या होत्या. त्यांनी मला निगुतीने जेवायला सांगितलं, फार वाळलात म्हणाल्या. रिकाम्या ट्रंका त्यांनी माळ्यावर चढवून घेतल्या होत्या.

ती पुस्तकं माझ्या दुकानात लागली. इतर पुस्तकांसारखीच ती गेली. शिळाप्रेसवरचं नागपूरला गेलं. हिमालयाचं एका बँकेतल्या मुलीने घेतलं, मधमाश्यांचं पावस गावातल्या एका बागायतदाराने. मी काही राखून ठेवलं नाही. दुकान चालवायचं तर तसं चालत नाही. पण सोमवार मोकळा झाला आणि तो मला घालवता येईना. बंद गल्लीत येऊन, फळी अर्धी उघडून मी आत बसायचो. एकदा एक पुस्तक मोठ्याने वाचून पाहिलं. स्वतःचा आवाज विचित्र लागला, म्हणून थांबलो.

पुढच्या मे महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. नातीने लावून दिला होता. काकींनी तब्येत विचारली, मी त्यांची विचारली. तिथे चौथ्या मजल्यावर राहतात, उतरणं होत नाही म्हणाल्या. मी विचारलं, काही वाचून दाखवू का फोनवर? नको म्हणाल्या, नातीला अभ्यास असतो, तिचा फोन. त्यांना वेगळंच काही हवं होतं.

"मागचा फनस धरलाय काय, तेवढं बघून सांगा. कोन सांगतच न्हाय."

मी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून गेलो. खळ्यात गवत वाढून वाळलं होतं. कुलपावर गंज धरला होता. मागे गेलो तर फणस बुंध्यापासून लगडला होता. काही फणस पिकून खाली पडले होते, फुटले होते, त्यांवर माश्या घोंघावत होत्या. वाडीत बहुतेक घरांना कुलुपं, खाणार कोण? रेंज मिळेना म्हणून चढून रस्त्यावर आलो आणि त्या नंबरवर फोन केला. जे पाहिलं ते सगळं सांगितलं, कुजलेल्यांचंही. त्यांनी ऐकून घेतलं.

"एक न्या तुमी," त्या म्हणाल्या.

"एकटा माणूस काकी, एवढा मोठा फणस घेऊन काय करू?"

"गल्लीत वाटा."

मी एक उतरवला, पोत्यात घातला आणि एसटीच्या मागच्या बाकड्यावर मांडीशी धरून रत्नागिरीला आणला. दुकानात कोपऱ्यात ठेवला. दोन दिवसांत असा पिकला की गल्लीच्या तोंडाशी वास यायला लागला. घड्याळवाला पहिल्यांदाच उठून माझ्या दुकानात आला. सुरीला आणि हाताला तेल लावून त्यानेच तो फोडला, मला ते नीट जमत नाही. कापा निघाला, घट्ट गऱ्यांचा. परीक्षेची पुस्तकं घ्यायला आलेल्या मुली गरे खात दारात उभ्या राहिल्या, हात कुठे पुसायचे म्हणून हसत होत्या. मी त्यांना जुन्या वर्तमानपत्राचे कागद दिले. तासाभरात सगळे आपापल्या कामाला निघून गेले.

मी काकींना सांगावं म्हणून फोन लावला, तो लागला नाही. दुकान बंद करून घरी गेलो. गऱ्यांतल्या बिया, आठळ्या, पिशवीत आणल्या होत्या, त्या धुतल्या आणि मागच्या पडवीत सुपात पसरून वाळत ठेवल्या. पावसाळ्यात भाजून खायला बऱ्या.